मागून घेतलेलं पद

आमच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञ संघटनेत मी गुणवत्ता समितीवर गेले, तेव्हापासून लोक मला एकच गोष्ट विचारतात: कोणाच्या ओळखीनं गेली? मी सांगते की अर्ज केला. मग विचारणारा हसतो, डोळा बारीक करतो आणि म्हणतो, ते बरोबर आहे हो, पण ओळख कोणाची?

अर्ज केला. कागदावर, सहीनिशी, पोच घेऊन. आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाचा अनुभव लिहायला सांगितलाच आहे, तर तो अर्ज कसा केला, पहिल्यांदा कसा फसला आणि त्यातून पुढं काय निघालं ते लिहिते. शेवटी जे निघालं ते मला हवं होतं तसं नव्हतं. तेही लिहिणार आहे.

मी जळगाव जामोदला एका खासगी दवाखान्यात रक्त, लघवी तपासते. अकरा वर्षं झाली. मूळची बीबीची, लोणार तालुक्यातली. आमची बोली अर्धी जालन्याकडची, त्यामुळे इथं आले तेव्हा लोकांचं 'मले-तुले' ऐकून मी हसायची आणि ते माझं बोलणं ऐकून हसायचे. फिट्टंफाट.

काम काय, ते बाहेरच्यांना थोडक्यात सांगते. तुमच्या दंडातून रक्त काढणारी बाई ती मीच, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. रक्त फिरवून वरचं पाणी, म्हणजे सीरम, वेगळं करायचं. त्यात औषध मिसळायचं. रंग किंवा उजेड किती बदलला ते मशीननं मोजायचं. मशीन आकडा देतं. तो आकडा खरा आहे का, हे मशीन सांगत नाही. ते आपण शोधायचं असतं. म्हणून आमची संघटना दर तीन महिन्यांनी जिल्ह्यातल्या सगळ्या सभासद लॅबना एकाच सीरमचा नमुना पाठवते. खरा आकडा कोणत्याच लॅबला माहीत नसतो. प्रत्येकानं तपासून उत्तर कळवायचं. ज्याचं उत्तर फार चुकलं त्याला लाल शेरा. लागोपाठ तीन लाल शेरे पडले की नाव संघटनेच्या यादीतून बाद. तालुक्यातले डॉक्टर आणि शिबिरवाले ती यादी बघूनच पेशंट पाठवतात. ज्याची एकट्याची लॅब आहे, त्याला यादीतून नाव जाणं म्हणजे कुलूप.

सुभाषकाकांची लॅब एकट्याची होती. बसस्टँडजवळ एक खोली, तीस वर्षं. मी कॉलेज संपवून आले तेव्हा सुई धरायला त्यांनीच शिकवली. लहान मुलाची शीर सापडत नसली की ते मुलाशी न बोलता त्याच्या आईशी गप्पा मारायचे. आई सैल झाली की मूल सैल होतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. गेल्या वर्षी मार्चच्या फेरीत त्यांना लाल शेरा पडला. साखर कमी आली, लिव्हरची एसजीपीटी नावाची तपासणी तर फारच कमी. शेरा मलाही पडला, आणि घाटाखालच्या बहुतेक लॅबना पडला.

आमच्या जिल्ह्याचे दोन मजले आहेत. बुलढाणा वर, पठारावर. आम्ही घाट उतरून खाली. ऑफिसं वर, कॉलेजं वर, संघटना वर. नमुने वरून खाली येतात, शेरेही वरून खाली येतात. घाटावरच्या लॅबना सहसा लाल शेरे पडत नाहीत, याचा अर्थ घाटावर एकदा जाहीर लावला गेला होता: खालच्यांना काम येत नाही.

मला हे सहन होण्यातलं नव्हतं. माझं बालपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. बाबा बीबीत शिंपीकाम करायचे आणि पत्रकं लिहायचे. पाणंद रस्त्यावर, रेशनवर, शाळेच्या छपरावर, मजुरीवर. मेहकरला छापून आणलेले गठ्ठे घरात यायचे आणि आम्ही भावंडं तिघं मिळून त्यांच्या घड्या घालायचो. अंकलिपीच्या आधी मी 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. अन्याय दिसला की लिहायचं, आणि लिहिलं की पोच घ्यायची, एवढे दोन धर्म आमच्या घरात पाळले गेले.

गुणवत्ता समितीवर एक जागा रिकामी होती. बिनपगारी, स्वयंसेवेची. मी अर्ज लिहिला. दोन पानी. त्याला मथळा दिला होता: 'घाटावरच्या मक्तेदारीला घाटाखालचा सवाल'. त्यात संघटनेचा इतिहास होता, एकाच तीन-चार घरांत फिरणारी पदं होती, विषमतेवर एक पूर्ण परिच्छेद होता आणि शेवटी पाच मागण्या. माझं नाव समितीत घ्यावं ही चौथी. मी त्याच्या प्रती काढल्या, एक अध्यक्षांना, एक सचिवांना, एक माहितीस्तव सगळ्या तालुका प्रतिनिधींना, आणि बुलढाण्याला जाऊन सचिव खरातसरांच्या हातात ठेवून पोचेचा शिक्का मागितला. शिक्का नव्हता. त्यांनी सही केली, तारीख घातली आणि मला पाणी दिलं.

महिना गेला, दुसरा सुरू झाला. उत्तर नाही.

बीबीला गेले तेव्हा ती प्रत बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून सगळी वाचली. शिलाई मशीनवर पाय थांबवून वाचली, म्हणजे मनापासून वाचली. मला शाबासकीची खात्री होती.

"पत्रक झकास झालंय," ते म्हणाले. "चौकात वाचलं तर टाळ्या पडतील. पण हे वाचून मी तुला कामावर घेणार नाही."

मी चिडले. बाबांनी असं बोलावं? मी म्हटलं, यात एक शब्द खोटा आहे का ते दाखवा.

"खोटा कशाला असेल. पण पत्रकात त्यांनी काय करावं ते लिहितात. अर्जात तू काय करणार ते पाहिजे. दोन पानांत तू कुठंच नाहीस."

दोन पानं मी पुन्हा वाचली. मी अकरा वर्षं काय काम केलं, ते नव्हतं. समितीत जाऊन कोणतं काम उचलणार, ते नव्हतं. वेळ किती देणार, नव्हतं. एखादा तुमच्याकडे नोकरी मागायला आला आणि दारातच तुमच्या घराण्याची उणीदुणी काढू लागला, तर तुम्ही त्याला आत घ्याल का? ही चूक पत्रकाच्या घरात वाढलेल्यालाच जमते. लढायची इतकी सवय, की माझ्याकडे काय आहे हे सांगायचंच राहून गेलं.

पण बाबांनी आणखी एक विचारलं. संघटनेच्या घटनेत निवडीबद्दल काय लिहिलंय? मी घटना कधी वाचलीच नव्हती. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाच्या मुलीनं नियम न वाचता लढा उभारला होता. ती पुस्तिका मिळवून वाचली. सरळ कलम होतं: समित्यांवरील सदस्य इच्छुकांच्या लेखी अर्जांतून, वार्षिक सभेत. सभेच्या पंधरा दिवस आधी अर्ज. मी खरातसरांना फोन करून फॉर्म मागितला. ते म्हणाले, फॉर्म कधी छापलाच नाही ताई, लागलाच नाही.

लागला नाही, कारण आमच्याकडे पद मागायचं नसतं. पद येतं. कोणीतरी ज्येष्ठ फोन करतो, की तुमचं नाव घेतलंय बरं. आपण म्हणायचं, अहो मला कुठं वेळ आहे. त्यानं म्हणायचं, सगळ्यांचा आग्रह आहे. पंगतीत जिलेबीला जसं ताटावर हात आडवा धरतात तसं दोन-तीनदा करायचं आणि मग हात काढून घ्यायचा. याला नम्रपणा म्हणतात. जो स्वतः मागतो त्याला खुर्चीची हाव. ऐकायला गोड रिवाज आहे. पण ज्याच्या ताटाशी वाढपी थांबतच नाही, त्यानं कशावर हात आडवा धरायचा? तो फोन कोणाला जातो? ज्यांचे नंबर आधीच फोनमध्ये आहेत त्यांना. माझ्यासारखीला आग्रह करायला कोणी येणार नव्हतं, हे मला केव्हाच कळलेलं होतं. तेव्हा मागायचं ठरलं. पण या वेळी हातात काहीतरी घेऊन.

जूनची फेरी आली. मी एक दिवस रजा काढून बुलढाण्याला गेले. नमुने कसे निघतात ते बघायचं आहे, असं खरातसरांना सांगितलं. ते एकटेच पेट्या बांधत बसले होते. थर्माकोलची पेटी, आत कुप्या, दोन बर्फाच्या पिशव्या, वरून चिकटपट्टी. काम नीट होतं. आमच्या तालुक्याच्या पेटीत मी झाकणातून एक थर्मामीटर खोचला आणि सर ती पेटी घेऊन बसस्टँडवर निघाले तशी मीही निघाले. त्यांनी पेटी जळगाव जामोदच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात दिली आणि बजावलं, सांभाळून न्या, महत्त्वाचं आहे. मी त्याच गाडीत चढले आणि केबिनजवळच्या सीटवर बसले.

ड्रायव्हरभाऊंनी पेटी इंजिनच्या बोनेटवर ठेवली. स्वतःच्या शेजारी, काचेसमोर.

मी विचारलं, इथं का ठेवता?

"ताई, साहेबानं सांगतलं ना, महत्त्वाचं पार्सल आहे म्हणून. मांगं ठेवलं तर कोणी पाय देते, कोणी पोतं टाकते. इथं माह्या डोयासमोर राह्यते." आणि त्यांनी पेटीशेजारच्या फडक्यात बांधलेल्या डब्यावर थाप मारली. "माहा डबा बी इथंच ठेवतो. दुपारी जेवाले बसलो का गरमागरम."

मी बोनेटला हात लावला आणि चटका बसून उचलला. वरून जूनचं ऊन सरळ काचेतून. घाट उतरेपर्यंत थर्मामीटर आठ अंशांवरून वीसच्या वर गेला होता. नांदुऱ्याला एकतीस. जळगावला उतरले तेव्हा अडतीस. उष्णतेत सीरममध्ये जंतू वाढतात आणि साखर खातात. एसजीपीटी तर एन्झाइम आहे, उन्हात ते मरतंच. खालच्या लॅबना काम येत नव्हतं असं नव्हतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं शिजवलेला नमुना येत होता, आणि तो शिजत होता तो हयगयीमुळे नव्हे, काळजीमुळे. जितकं जास्त बजावावं तितकी पेटी बोनेटच्या मध्यावर.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. घाट उतरून मोताळ्याला आलो तिथंच मला सगळं कळलं होतं. पेटी उचलून मांडीवर घ्यायला एक मिनिट लागलं असतं. मी घेतली नाही. पेटी मांडीवर घेतली असती तर माझ्याकडे तक्ता राहिला नसता, नुसतं म्हणणं राहिलं असतं. म्हणून मी प्रत्येक स्टँडवर आकडा लिहीत बसले आणि नमुना नासू दिला. त्याच संध्याकाळी तक्ता खरातसरांना पाठवला आणि ही फेरी रद्द करा असं लिहिलं. समितीकडून उत्तर आलं: सूचनेची नोंद घेतली आहे. फेरी रद्द झाली नाही. सुभाषकाकांना दुसरा लाल शेरा पडला. त्यातला अर्धा माझा होता.

काकांना जाऊन सांगितलं. वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "जाऊ दे पोरी. बसचाच दोष म्हण." आणि विषय बदलला. त्यांचा मोठेपणा म्हणून मी तो तेव्हा मनात जपून ठेवला.

आता तिसरी फेरी सप्टेंबरला, आणि मध्ये ऑगस्टची वार्षिक सभा. काकांचं नाव यादीत वाचवायचं तर सप्टेंबरच्या पेट्या माझ्या हातात असायला हव्या होत्या. बाहेरून सूचना करून नोंद घेतली जाते, एवढं कळलं होतं.

दुसरा अर्ज एका पानाचा होता. मथळा नव्हता. पहिल्या ओळीत काम: घाटाखालच्या तालुक्यांचे नमुने बांधणं आणि थंड पोचवणं. अख्खी समिती मी मागितलीच नाही, समितीतलं जे काम कोणालाच नको होतं ते मागितलं. पुढं, हे काम मला का जमेल: दवाखान्याच्या रक्तदान शिबिरांचे नमुने तीन वर्षं मी पोचवते, एकही खराब झालेला नाही. सोबत थर्मामीटरचा तक्ता. मग वेळ: वर्षातून चार फेऱ्या, प्रत्येकी दोन दिवस, आमच्या डॉक्टरांनी रजा मंजूर केल्याचं पत्र जोडलेलं. मग काय जमणार नाही: बाजाराच्या दिवशी दवाखाना सोडता येणार नाही, आणि प्रत्येक बैठकीला बुलढाण्याला येणं होणार नाही, फोनवर हजर राहीन. ही ओळ लिहिताना हात थांबला होता, पण लिहिली. जो 'वाट्टेल ते करीन' म्हणतो त्याच्यावर पेटी सोपवू नये, हे बोनेटवर शिकले होते. शेवटी दोन तंत्रज्ञांची नावं, त्यांना आधी विचारून, माझ्याबद्दल ज्यांना विचारता येईल अशांची. सुभाषकाकांचं नाव दिलं नाही. त्यांचाच शेरा टांगणीला असताना त्यांची शिफारस चालत नाही.

खरातसरांशी दोन वाक्यांवरून वाद झाला. 'माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' हे मी लिहिलं नाही. सहानुभूती कशाबद्दल? मी आजारी नव्हते. आणि शेवटची ओळ मी अशी लिहिली: हे पद मला हवं आहे. खरातसर वाचून म्हणाले, ताई, एवढी ओळ काढा, वाईट दिसते. मी ठेवली.

या वर्षी समितीकडे दुसऱ्यांचे अर्जही येऊ लागलेत आणि ते वाचायचं कामही माझ्याकडे आलं. एका चिखलीच्या मुलानं लग्नाचा बायोडाटाच पाठवला. वर देवाचं नाव, मग उंची, रंग गोरा, मामाचं कूळ, अपेक्षा: अनुरूप. 'अनुरूप' खोडून 'समिती सदस्य' केलं होतं, बस. दोष त्याचा नाही. आमच्याकडे माणसानं स्वतःबद्दल लिहायची वेळ आयुष्यात एकदाच येते, तीही लग्नाला. मी त्याला फोन केला आणि विचारलं, तू लॅबमध्ये कोणतं काम असं करतोस की ते तू नसला तर अडतं? तो अर्धा तास बोलला. मी म्हटलं, हेच लिहून पाठव, उंची राहू दे. आता तो शिकाऊ तंत्रज्ञांचे वर्ग घेतो आणि चांगले घेतो.

तर ऑगस्टची सभा. बुलढाण्याचं एक मंगल कार्यालय, स्टेजवर चार खुर्च्या, हार तयार. जेवणाच्या आधी अध्यक्ष देशमुखसरांनी समित्यांची यादी वाचली आणि सर्वानुमते म्हणून टाळीसाठी हात उचलला. यादीत माझं नाव नव्हतं. टाळी पडायच्या आत मी उभी राहिले आणि माझा अर्ज आला आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे, तो वाचला गेला का, असं विचारलं.

देशमुखसर वाईट माणूस नाहीत. शांतपणे म्हणाले, "ताई, आपल्याकडे असं उभं राहून पद मागायची पद्धत नाही."

"मग घटनेतलं कलम काढा सर. ते आहे तोवर मी मागणार."

मागून कोणीतरी म्हणालं, जळगाववाल्यांले एवढी घाई काऊन झाली बे? दुसरा म्हणाला, तिकडे लय गरम होते ना. हॉल हसला.

"होते," मी म्हणाले. "अडतीस अंश. तक्ता जोडलाय, तोच वाचा."

देशमुखसरांनी विचारलं की बुलढाण्याला येणं-जाणं, घर, दवाखाना, हे कसं जमणार. मी म्हटलं, तिसऱ्या परिच्छेदात आहे. त्यांनी विचारलं, आणि सभेनं नाही म्हटलं तर? मी म्हटलं, का नाही ते लेखी द्या.

पुढच्या रांगेत सुभाषकाका होते. मान खाली. मला वाटलं, ते तरी उठतील. ते उठले नाहीत. उठले ते खरातसर, ज्यांना मी पहिल्या अर्जात मक्तेदार म्हटलं होतं.

"सर, बारा वर्षं झाली, पेट्या मी एकटा बांधतो," ते म्हणाले. "माझ्या पाठीचं काय झालंय ते घरी विचारा. आजवर या हॉलमधल्या कोणी म्हटलं नाही की हे काम मला द्या. ही बाई मागते आहे. तुम्ही थांबलात कशाला?"

टाळ्या फार पडल्या नाहीत. पण यादीत नाव हातानं लिहिलं गेलं. परतीच्या गाडीत काका माझ्याशी कमीच बोलले. "मांगून घेतलं तू," एवढं म्हणाले. मी हो म्हणाले. त्यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही, आजही दिसत नाही.

सप्टेंबरच्या पेट्या मी आणि खरातसरांनी मिळून बांधल्या. बर्फ दुप्पट, कुप्यांना काळा कागद, पेटीला ओलं गोणपाट. कोणावर सोपवायची नाही. मी स्वतः घेऊन निघाले, मागच्या सीटखाली, पायांच्या मध्ये. जळगावला उतरले तेव्हा पेटीत नऊ अंश होते. उरलेल्या तालुक्यांत दोन दिवसांत फिरले.

निकालाच्या बैठकीला समितीनं माझा तक्ता मान्य केला. घाटाखालच्या सगळ्या लॅबचे मार्च आणि जूनचे लाल शेरे रद्द झाले. आजवर मी लिहिलेल्या कोणत्याही पत्रकापेक्षा तो ठराव मला जास्त आवडतो, आणि तो तीन ओळींचा आहे. मग सप्टेंबरचे निकाल उघडायची वेळ आली. जळगाव जामोदचे निघाले तेव्हा मी आपण होऊन बाहेर जाऊन बसले. काका माझे गुरू होते, त्यांच्या कागदावर माझं मत चालणार नव्हतं. बाहेर बसून मी काकांना सांगायचं वाक्य जुळवत होते.

आत बोलावलं. खालच्या लॅबची उत्तरं बरोबर आली होती. माझंही. सुभाषकाकांची साखर बरोबर होती, एसजीपीटी जवळजवळ अर्धी होती.

नमुना तोच. थंड पोचलेला, मी माझ्या हातानं त्यांच्या टेबलावर ठेवलेला. समितीनं लाल शेरा दिला. आधीचे दोन रद्द झाल्यामुळे तो पहिलाच ठरत होता, नाव यादीत राहत होतं. पत्रावर तालुक्याच्या सदस्याची सही लागते. देशमुखसर म्हणाले, तुम्हाला जड जात असेल तर मी करतो. त्यांनी ते चांगुलपणानंच विचारलं. मी पेन घेतला आणि सही केली. पद मागताना मी हे पान सोडून बाकीचं मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र घेऊन काकांकडे गेले. पोस्टानं पाठवायची पद्धत आहे, पण गेले. लॅबमध्ये कोणी नव्हतं. त्यांनी पत्र वाचलं, खालची सही वाचली.

"तुह्याच हातानं दिलं?"

"हो काका."

त्यांनी मशीनवर हात ठेवला. मग म्हणाले, "फिल्टर गेला आहे त्याचा. संक्रांतीपासून."

मशीनमध्ये उजेड गाळायला काचेची एक चकती असते. एसजीपीटीची चकती वेगळी, ती जुनी झाली की आकडा कमी दाखवते. काकांना ते माहीत होतं. चकती मागवायची आज-उद्या म्हणत राहिली होती, मग मार्चचा लाल शेरा आला आणि पाठोपाठ मी बसचं कारण घेऊन आले.

"त्या बसनं मले वाचवलं होतं, पोरी. मले वाटलं, निभून जाते."

जूनमध्ये ते मला रागावले का नाहीत, सभेत ते का उठले नाहीत, हे मला आता उमगलं. मी ज्याला मोठेपणा समजून बसले होते ती भीती होती. माझ्या तक्त्यात काही खोटं नव्हतं, बस खरोखरच नमुना शिजवत होती. पण ती शिजवत होती तोवर काकांची चकती कोणालाच दिसली नसती. इतके महिने मी ज्यांच्या बाजूनं लढले त्यांना झाकायला माझाच लढा कामी आला होता. त्याचा मला पश्चात्ताप वाटतो का? पेटी थंड नेल्याचा नाही. पण एवढी लढायच्या धुंदीत होते की काकांचं मशीन एकदा उघडून बघावं, हे मला सुचलं नाही. ज्यांनी सुई धरायला शिकवलं त्यांच्यावर संशय घेणं मला पाप वाटत होतं, घाटावरच्यांवर घेणं पुण्य.

मी विचारलं, संक्रांतीपासून एसजीपीटी किती जणांची केली?

लिव्हर बिघडलेल्या माणसाला हा आकडा कमी दाखवला की तो 'नॉर्मल' म्हणून घरी जातो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी रजिस्टर ओढलं आणि पानं उलटत नावांसमोर खुणा करू लागले. काविळीचे पेशंट आधी, मग दारूचे, मग बाकीचे. माझ्या मशीनवर सगळ्यांचं पुन्हा करून देऊ, त्यांना एक पैसा पडणार नाही, असं मी म्हणत होते. पण फोन मी लावते असं म्हटल्यावर त्यांनी रजिस्टर परत स्वतःकडे घेतलं.

पहिलं नाव धानोऱ्याच्या एका बाईचं होतं. काकांनी चष्मा लावला, नंबर दोनदा तपासला. पलीकडे मुलानं उचलला असावा.

"नमस्कार. मी सुभाष तायडे बोलतो, लॅबवाला. तुह्या आईचा रिपोर्ट माह्याकडून चुकला असंल. आज चारच्या गाडीनं तिले घेऊन ये. मी इथंच आहो."

मग त्यांनी नावासमोर वेळ लिहिली आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.